घोंगडीमागचे हात

(फलटण परिसरातील लोकर-विणकाम या विषयावरील भाषणाचा मजकूर)



कचेरीत वर्षानुवर्षे निकालात न निघालेल्या प्रकरणास ‘भिजत घोंगडे’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. हा शब्दप्रयोग सर्वांच्या ओठी आहे. क्वचित आपल्याच टेबलावरील कागदांविषयी तो ऐकावाही लागतो. परंतु घोंगडे भिजते म्हणजे नेमके काय होते, हे स्वतः पाहिलेली माणसे आज कोणत्याही सभागृहात थोडीच निघतील. मेंढीच्या लोकरीची घट्ट विणीची घोंगडी पावसाचा पहिला मारा अंगावरून ओघळू देते. पाऊस तासन् तास चालूच राहिला, की मग ती पाणी धरू लागते, हळूहळू जड होते आणि एकदा पुरती भिजली की श्रावणातल्या दमट हवेत दोन-तीन दिवस वाळता वाळत नाही. ती टाकूनही देता येत नाही आणि अंगावरही घेता येत नाही. ज्या कोणा अनामिकाने ही म्हण प्रथम उच्चारली, त्याने हे सारे नीट निरखलेले असले पाहिजे. भाषेत घोंगडे टिकून राहिले आहे. घरांतून मात्र ते झपाट्याने निघून चालले आहे, आणि त्याबरोबर ते विणणारा कारागीरही.

या कारागिराची, त्याच्या रोजच्या कामाची आणि त्यातील कलेची ओळख करून घ्यावयाची तर फलटणहून सोयीची जागा दुसरी नाही. नाईक-निंबाळकरांची ही जुनी राजधानी. शिवछत्रपतींच्या राणीसाहेब सईबाई याच घराण्यातील. श्रीरामाचे मंदिर, महानुभाव पंथीयांची देवस्थाने आणि आषाढात मुक्कामास येणारी ज्ञानेश्वर माउलींची पालखी, यांमुळे हे नाव सर्वांस परिचित आहे. भूगोलाच्या दृष्टीने मात्र फलटण हे दोन प्रदेशांच्या शिवेवर वसलेले आहे. १९२८ साली पूर्ण झालेल्या भाटघर धरणाचे पाणी नीरेच्या कालव्यांतून खाली आले आणि तालुक्याचा उत्तरेकडील पट्टा उसाने हिरवा झाला. दक्षिणेस महादेवाचा डोंगर चढून पलीकडे उतरले, की माण तालुक्याचा उघडा, पावसाची वाट पाहणारा माळ सुरू होतो. तेथून पुढे सांगली जिल्ह्यातील आटपाडी, कवठे महांकाळ आणि जत येथवर हाच माळ पसरला आहे. ज्या जमिनीवर पिकाचा भरवसा नाही, तेथे माणसाने मेंढीवर भरवसा ठेवला. पावसाळ्यात गावाजवळ आणि दिवाळीनंतर चाऱ्याच्या शोधात दूरच्या मुलखात, असे धनगरांच्या वाड्यांचे वार्षिक चक्र येथे पिढ्यान् पिढ्या फिरत आले आहे.

या माळावरील मेंढी ती दख्खनी मेंढी. बहुधा काळी, कोठे कपाळावर किंवा मानेवर पांढरा ठिपका, अंगाने काटक, मैलोगणती चालणारी. तिची लोकर थोडी आणि जाडीभरडी असते. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याच्या तोंडाशी व एकदा दिवाळीच्या सुमारास, मेंढ्या ओढ्यावर धुऊन कातरतात, तेव्हा एका मेंढीची वर्षाची लोकर साधारणपणे अर्धा ते पाऊण किलो भरते. मेरिनोच्या रेशमासारख्या लोकरीशी तिची तुलना करून नाक मुरडणारे तज्ज्ञ पूर्वी होते, आजही आहेत. पण जी लोकर स्वेटरला खडबडीत वाटते, तीच दगडाधोंड्यांवर अंथरावयास, काट्याकुट्यांतून अंगावर घेऊन फिरावयास योग्य ठरते. मेंढपाळाला घोंगडी म्हणजे अंथरूण, पांघरूण, पावसात डोक्यावर घ्यावयाची खोळ आणि वाटेत व्यालेल्या मेंढीचे कोकरू गुंडाळून न्यावयाची झोळीही. एका वस्तूकडून इतक्या सेवा घेणे फार थोड्यांना साधले असेल.

घोंगडी विणण्याचे काम मुख्यतः सणगर समाजाकडे, आणि काही ठिकाणी खुद्द धनगरांकडे आहे. पश्चिम महाराष्ट्रातील कित्येक जुन्या गावांत आजही सणगर गल्ली आढळते. तेथे माग असतोच असे मात्र नाही. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या धंद्याची नोंद आहे. म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांनीही त्याची दखल घेतली होती. मात्र त्या नोंदीत विणकराचा दिवस कसा उजाडतो, हे सापडावयाचे नाही.

तो उजाडतो तो आकाशाकडे पाहण्याने. ताण्याला खळ लावावयाची असेल तर ऊन हवे, वारा बेताचा हवा. पाजणीचे हे काम घरात होत नाही. गल्लीत किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत उभे धागे लांबच लांब ताणून बांधावे लागतात. खळ चिंचोक्यांची. चिंचोके भाजून टरफले काढावयाची, ते भिजवून कुटावयाचे आणि शिजवून चिकट पेज करावयाची. मोठ्या कुंच्याने ती ताण्यावर वरून खालून सारखी फिरवावी लागते. खळ कमी पडली तर मागावर धागा तुटतो, आणि जास्त झाली तर कडक होऊन मोडतो. किती पुरे, याचे कोणतेही माप नाही. धाग्यावरून बोट फिरवून विणकर ते सांगतो, आणि त्याचे बोट सहसा चुकत नाही. नव्या घोंगडीचा जो ताठपणा शहरी गिऱ्हाइकाला दोष वाटतो, तो या खळीचा असतो; वापराने तो निघून जातो आणि मग ती अंगासरशी बसते.

माग जमिनीत खणलेल्या खड्ड्याशी बांधलेला असतो. विणकर काठावर बसून पाय खड्ड्यात सोडतो, पायांनी पावड्या दाबतो, हातांनी धोटा या बाजूचा त्या बाजूस नेतो आणि प्रत्येक आडव्या धाग्यावर ठोका देतो. घोंगडीचा जीव या ठोक्यात आहे. ठोका सैल पडला तर पाणी आत येते, अति जोराचा पडला तर कापड पुठ्ठ्यासारखे होते. सकाळी ताज्या हाताने दिलेला ठोका आणि संध्याकाळी थकल्या हाताने दिलेला ठोका यांत फरक पडू न देणे, ही या कलेतील सर्वांत अवघड गोष्ट होय. जाणकार मेंढपाळ घोंगडी विकत घेताना ती उन्हासमोर धरतो, ती याचसाठी. तिच्यातून येणाऱ्या उजेडाच्या ठिपक्यांवरून विणकराचा दिवस कसा गेला, ते त्याला वाचता येते.

यात कला कोठे आहे, असा प्रश्न पैठणीच्या मोरांना सरावलेल्या डोळ्यांना पडणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर रंगात आहे, आणि गंमत अशी की हा रंग कोणी दिलेला नाही. परंपरेने दख्खनी घोंगडीला रंगवत नसत. मेंढीच्या अंगावर जो रंग तोच घोंगडीचा. परंतु काळा म्हणून एकच काळा नाही. कोकराचा काळा गडद असतो, वयस्क मेंढीचा उन्हाने तांबूस झालेला असतो, त्यात पांढरे मिसळले की करडा होतो, आणि त्या करड्याच्याही छटा पडतात. विणकर लोकर विकत घेतानाच हे ढीग मनात वेगळे करतो. कोणता धागा मध्ये घालावयाचा, कोणता काठाला राखावयाचा, काळ्या अंगावर पांढऱ्या रेघा किती आणि किती अंतराने द्यावयाच्या, याचा आराखडा कागदावर नसतो. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, जिला जावळ म्हणतात, ती सर्वांत मऊ व मोलाची. निव्वळ जावळाची घोंगडी विणण्याइतकी लोकर जमेपर्यंत विणकर हंगाम हंगाम थांबतो. एखाद्या चित्रकाराने मनासारखा रंग मिळेपर्यंत चित्र अर्धवट ठेवावे, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच, की याची वार्ता कोठे छापून येत नाही.

हीच लोकर न कातता, न विणता, थर देऊन, पाणी शिंपडून आणि दाबून तिचे जाड जेनही करतात. आणि अलीकडे काही संस्थांच्या प्रयत्नाने याच धाग्याच्या बैठका, पिशव्या, बंड्या, भिंतीवर लावावयाचे पट असे नवे प्रकार निघू लागले आहेत. त्यांतले काही खरोखर देखणे आहेत. काहींविषयी मात्र असे वाटते, की शहरातील दिवाणखान्याची मापे घेऊन आलेल्या माणसाने विणकराचे हात तेवढे भाड्याने घेतले. ज्याला चाळीस वर्षे रेघांचे अंतर कळत आले, त्याला नक्षीचा कागद हाती देण्याआधी त्याचे मत विचारण्यास काय हरकत असावी?

या घोंगडीला आणखी एक बाजू आहे, तिचा केवळ उल्लेख पुरे. खंडोबाची तळी भरताना, बिरोबाच्या जत्रेत, जागरणाच्या रात्री घोंगडीच अंथरली जाते. जेजुरीच्या खंडोबाने बाणाईसाठी धनगराच्या वाड्यावर मेंढरे राखली, ही कथा या मुलखातील प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. जर्मन पंडित गुंथर सोंथायमर (१९३४–१९९२) यांनी धनगरांच्या वाड्यांवर हिंडून बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्या परंपरांचा अभ्यास केला. देव ज्या आसनावर बसतो, ते आसन विणणाऱ्याचे घर मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. घोंगडीने संधिवात बरा होतो वगैरे जे दावे आजकाल जाहिरातींत केले जातात, ते वैद्य-डॉक्टरांवर सोपवलेले बरे. चांगल्या कापडाला अशा औषधी कुबड्यांची गरज नाही.

आतापर्यंत विणकराविषयी बोलणे झाले. पण विणकराच्या मागाशी पोचण्यापूर्वी लोकर ज्या हातांतून जाते, त्यांच्याकडे पाहिल्याशिवाय हा विषय समजत नाही. कातरलेली लोकर निवडावी लागते, त्यातले काटे-गोखरू वेचावे लागतात, ती पिंजावी लागते, तिचे पेळू करावे लागतात, आणि मग चरख्यावर सूत निघते. हे जवळजवळ सारे काम बायकांचे. घोंगडीचे वजन दोन-अडीच किलो धरले, तर चार-पाच मेंढ्यांची वर्षाची लोकर तीत जाते. विणकराला ती विणावयास दोन-तीन दिवस लागत असतील, तर तितके सूत कातावयास सामान्यतः आठवड्याहून अधिक दिवस खर्ची पडतात. घरचे दळण-कांडण, पाणी, लेकरे आणि शेतावरची मजुरी सांभाळून उरलेल्या दुपारी हे सूत निघते. शेतमजुरीचा एक दिवस आणि कताईचा एक दिवस यांची मिळकत शेजारी ठेवली, की घोंगडीचा धंदा का मोडकळीस आला, याचे उत्तर मिळते. माग थांबला तो विणकर कंटाळला म्हणून नव्हे. बहुतेक ठिकाणी सूत येईनासे झाले म्हणून थांबला.

आणि सूत थांबण्याआधी लोकर थांबली. मेंढी कातरावयास जो खर्च येतो, तितकाही दाम लोकरीला मिळत नाही, अशी स्थिती अनेक वाड्यांवर आली आहे. कातरणे तर भागच असते. न कातरलेल्या मेंढीला उन्हाळा सोसत नाही. मग कातरलेली लोकर बांधावर, ओढ्यात किंवा खड्ड्यात जाते. एकीकडे लोकर नाही म्हणून विणकर बसून, दुसरीकडे गिऱ्हाईक नाही म्हणून लोकर कुजत, आणि दोघांमधले अंतर कित्येकदा एका दिवसाच्या चालीचेही नाही. दरम्यान बाजारात जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून पानिपतकडे तयार होणारी यंत्रमागाची स्वस्त ब्लँकेटे येऊन पोचली आहेत. गरीब कुटुंबाने ती घेतली तर त्याला दोष देता येणार नाही.

मेंढपाळही बदलला आहे. मांसाला भाव आहे, तेव्हा लवकर वाढणारी मेंढी त्याला हवी. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याच्या माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी उंच, पोपटनाकी, तांबूस-पांढऱ्या ठिपक्यांची मेंढी यामुळेच दूरवर पसरली. तिच्या अंगावर लोकर नावापुरतीच. या मेंढीच्या चांगल्या नराला मिळणारी किंमत ऐकून शहरातील माणूस चकित होतो. काळ्या दख्खनीच्या जागी ती कळपात आली, की विणकराचा रंगच हरपतो. पूर्वी मेरिनो, रॅम्बुले अशा परदेशी जातींशी संकर करून लोकर बारीक व पांढरी करण्याचे प्रयत्न सरकारी पातळीवर झाले. हेतू चांगला होता. पण दीड-दोनशे मैल चालणाऱ्या वाड्याला अशी नाजूक मेंढी परवडली नाही, आणि घोंगडीला तर बारीक लोकर नकोच होती.

याच संदर्भात फलटण येथील एका संशोधनाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. श्री. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ साली फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनात, खारट दलदलीत चरणारी गरोळ नावाची लहानखुरी मेंढी मात्र जुळी देते. या मेंढीतील जुळ्यांचे जनुक दख्खनीत आणण्याचे काम संस्थेने हाती घेतले, डॉ. चंदा निंबकर यांच्या मार्गदर्शनाखाली ते पुढे गेले, आणि कोणत्या कोकरात ते जनुक उतरले हे ओळखण्याच्या कामी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे साहाय्य मिळाले. त्यातून ‘सुवर्णा’ हा प्रकार तयार झाला. विशेष असे, की हेच जनुक अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून नेलेल्या मेंढ्यांबरोबर ऑस्ट्रेलियात पोचले होते आणि तेथील मेरिनोत ते प्रथम शास्त्रज्ञांच्या ध्यानी आले. हे संशोधन लोकरीसाठी झालेले नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु विणकराच्या दृष्टीने त्याचा अर्थ मोठा आहे. दख्खनी मेंढी मेंढपाळाला मांसासाठी परवडली, तरच ती कळपात राहील. आणि ती राहिली, तरच काळी लोकर राहील.

शासनाच्या बाजूनेही मेंढीकडे दुर्लक्ष झालेले नाही. १९७८ साली स्थापन झालेल्या, आज पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मेंढी व शेळी विकास महामंडळाची दहिवडी व रांजणी येथील प्रक्षेत्रे याच पट्ट्यात आहेत. २०१७ पासूनच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत वीस मेंढ्या व एक नर असा गट ७५ टक्के अनुदानावर देण्याची तरतूद करण्यात आली. मेंढ्या मोजल्या गेल्या, ते योग्यच झाले. लोकर मोजण्याकडे मात्र तितके लक्ष गेले नाही. हातमागाच्या योजना एका खात्याकडे, मेंढी दुसऱ्या खात्याकडे, बचत गट तिसऱ्याकडे. लोकरीला मात्र या तिन्ही खात्यांतून एकाच वाटेने जावे लागते.

स्कॉटलंडच्या वायव्येकडील बेटांवर विणल्या जाणाऱ्या हॅरिस ट्वीड या लोकरी कापडाचे उदाहरण येथे विचारात घेण्यासारखे आहे. तेथेही जाडीभरडी लोकर, वाऱ्या-पावसाचा मुलूख आणि घरोघरचे माग. ब्रिटिश पार्लमेंटने १९९३ साली कायदा करून या नावाची व्याख्या ठरविली: लोकर त्याच बेटांवर रंगविलेली व कातलेली असली पाहिजे आणि कापड तेथील विणकराने आपल्या घरी विणलेले असले पाहिजे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की कताई हातानेच झाली पाहिजे असा आग्रह त्यांनी धरला नाही. ती बेटावरील गिरण्यांत होते. कोठे हात राखावयाचा आणि कोठे यंत्र चालेल, हे त्यांनी नीट विचारून ठरविले. आपल्याकडे तसा विचार केला तर पिंजाईसाठी लहान यंत्र आणण्यास काहीच हरकत दिसत नाही. पिंजाईच्या धुळीने बायकांच्या छातीत खोकला भरतो, हे लक्षात घेता ते लवकर यावे. कताईचे तसे नाही. हातसुताचा जाडबारीकपणा हाच घोंगडीचा पोत आहे. तेथे यंत्र आणण्यापेक्षा मजुरी वाढविणे अधिक योग्य. आणि ही मजुरी कातणारीच्या स्वतःच्या खात्यावर गेली पाहिजे. माण तालुक्यात म्हसवड येथे १९९७ साली सुरू झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेने हे दाखवून दिले आहे, की अक्षरओळख नसलेल्या बायकाही आपला हिशेब चोख ठेवतात.

मोठ्या योजनांची वाट न पाहता ग्रामपंचायतीला करता येण्याजोगी कामेही आहेत. पाजणीसाठी गावठाणातील एक लांब मोकळी पट्टी राखून ठेवावी. आज ज्या जागेवर विणकर ताणा बांधतो, तेथे उद्या गाळे उभे राहतात आणि त्याची तक्रार ऐकणारा कोणी नसतो. शाळांनी घोंगडीचा माग मुलांना एकदा तरी चालू स्थितीत दाखवावा; प्रदर्शनातील बंद मागापेक्षा त्यातून मुले पुष्कळ अधिक शिकतील. ग्रामसभेत, समारंभात पाहुण्यांना शाल देण्याऐवजी गावच्या विणकराचे आसन द्यावयास काय अडचण आहे?

सर्वांत सोपे काम कातरणीच्या दिवसांतले आहे. दिवाळीच्या सुमारास वाडे दूरच्या वाटेला लागण्यापूर्वी गावाशेजारी गोळा झालेले असतात. त्या आठवड्यात एखाद्या झाडाखाली एक तराजू टांगावा आणि चार पोती मांडावीत: एक काळ्या लोकरीचे, एक करड्याचे, एक पांढऱ्याचे आणि चौथे जावळाचे. रंगानुसार भाव आधीच फळ्यावर लिहून ठेवावा. विणकराला निरोप पाठवावा लागणार नाही. बातमी त्याच्यापर्यंत आपोआप पोचेल. तो आला, की भावाची चौकशी मागाहून करील. आधी चौथ्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालील, मूठभर जावळ बाहेर काढील, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ताणून पाहील, आणि मग विचारील, ही कोणाच्या वाड्यावरची.